एका चुलीला दोघीच

नाव कुणाचं काढायचं हे मेंढरं कातरायच्या दिवशीच ठरवावं लागणार होतं, आणि त्या दिवशी घरात भांडायलासुद्धा जागा नव्हती.

अंगणभर माणसं होती. म्हसवडकडची भावकी आदल्या सांजेलाच टेम्पो करून उतरली होती, आटपाडीकडचे मेहुणे उजाडता उजाडता आले. सावडीचं काम. आज धुळाच्या वस्तीवर, पुढं त्यांच्या वस्तीवर. मजुरी नाही, पोटभर मटण आणि घसा बसेस्तोवर चेष्टा. लिंबाखाली गडी मांड्या घालून बसलेले, प्रत्येकाच्या पुढ्यात पाय बांधलेलं मेंढरू, आणि कातऱ्यांची कचकच. कातरून सोडलेलं मेंढरू धडपडत उभं राहायचं आणि दुसऱ्याच कुणाचं अंग आपल्याला लागलंय अशा चेहऱ्यानं इकडंतिकडं बघायचं.

"तानाजी, हे बघ रं, तुझ्या लग्नातल्या फोटूगत दिसतंय," म्हसवडचा लालासाहेब म्हणाला. तो धुळाचा चुलतभाऊ, कातर कमी आणि तोंड जास्त चालवणारा.

"फोटूत शेजारी तुमीच हायसा की तात्या," धुळाच्या थोरल्या पोरानं मान वर न करता परत केलं. "टोपी काढल्याली."

या गोंधळातच अंगणवाडीची रेश्मा स्कूटी लावून आत आली. गावचीच पोर, सगळ्यांना ओळखणारी, म्हणून तर हे काम तिच्या गळ्यात मारलेलं. तिनं मोबाईलमध्ये बघत, कुणाच्याही डोळ्यांत न बघता सांगून टाकलं.

"धुळाआबा, वरनं आलंय. बायकांच्या खात्यावर सरकारचं म्हैन्याचं पैसे येतात, ते आता एका घरात दोघींनाच. तुमच्यात तिघी हायत. एक नाव कमी करायचं. मी वरच्या वस्त्या करून येते, दिस मावळायच्या आत सांगा."

"आन न्हाई सांगितलं तर?"

"तर मला माझ्या मनानं एक काढावं लागंल. आबा, मला त्यात ढकलू नका. मला ह्याच गावात राहायचंय."

ती चहा पिऊन गेली. दोघीच. हे ज्यानं ठरवलं त्याचं तोंड या वस्तीनं कधी बघितलं नव्हतं. पण त्याला एवढं नक्की वाटत असणार की घरातली तिसरी बाई वारा खाऊन जगते.

घरामागं चुलाणावर मटणाचं पातेलं चढलं होतं. तानाजीची बायको सुला पाट्यावर मसाला वाटत होती. धाकटी जाऊ पल्लवी कांदा चिरत होती. पल्लवीचा नवरा ज्ञानू तिकडं कोईमतूरला, सोनं गाळायच्या दुकानात. वर्षातून एकदा येणार आणि आला की पाहुण्यासारखा चपला दाराबाहेर सोडणार. सासू रंगुबाई भाकरी थापत होती. बातमी तिघींनी ऐकली होती आणि तिघीही न ऐकल्यासारखं करत होत्या.

पल्लवीनंच पहिल्यांदा तोंड उघडलं, हळूच. "आक्का, आत्ती सोडतील की त्यांचं. त्यांना काय लागतंय आता?"

"ऐकू येतंय मला," रंगुबाई म्हणाली. "मला काय लागतंय सांगू? कुल्फी लागती."

पल्लवीचा सुरा थांबला.

"दर म्हैन्याला मी आन शेजारची बनुबाई आटपाडीच्या बाजाराला जातो. एकेक कुल्फी खातो. पिस्त्याची. मग बांगड्या बघतो. घेत न्हाई, नुस्त्या बघतो. मग परत एक कुल्फी."

"आत्ती, दोन कुल्फीला कितीसं लागतंय?"

"बाकीचं बँकेत हाय. पुढं कुल्फीला कमी पडू ने म्हनून." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तुझ्या सासऱ्याला कुनी इचारलंय का कवा, तंबाखूला काय लागतंय? तानाजीला ठिबकचं अनुदान आलं, त्यातनं मोठा मोबाईल आला. पाइप कुटं हाय ते अजून पिकाला कळलं न्हाई. तवा कोन आलं का स्कूटीवर बसून?"

कुणी आलं नव्हतं. कधीच येत नाही. बाप्याला पैसे दिले की तो विकास, आणि बाईला दिले की तिनं त्याचा हिशेब तोंडपाठ म्हणून दाखवायचा.

"माझं नाव निघायचं न्हाई," रंगुबाईनं निकाल दिला. "पल्लवीचं काढा. तिचा नवरा पाठवतोय की."

"कुनाच्या खात्यावर पाठवतोय आत्ती?" पल्लवी कडेगावाकडच्या पाण्याच्या मुलखातली, रागानं लाल व्हायची पण आवाज चढवायची नाही. "भावोजींच्या. मला काय पाठवतो? रोज सकाळी एक फूल. गुड मॉर्निंग लिहिल्यालं."

सुलाला हसू आवरलं नाही. रंगुबाईही हसली, आणि हसता हसता तिचं मत फिरलं. "व्हय गं? मग तुझं ऱ्हाऊ दे."

मग दोघीही सुलाकडं बघायला लागल्या.

सुलाला ती नजर कळली. पाट्यावरचा वरवंटा तिनं उगाच पुढं रेटला. लिंबाखाली आज तिची चार मेंढरं पहिल्यांदाच कातरली जात होती. लग्नात माहेरानं दिलेली मेंढरं एका सालच्या रोगात सगळी गेली, आणि त्यानंतर या घराच्या खांडात डाव्या कानाला खालून चीर असलेलं, तिच्या माहेरच्या खुणेचं, एकही जनावर उरलं नव्हतं. सरकारचे पैसे सुरू झाले तशी ती साठवत गेली आणि बाजारातून एकेक कोकरू घेत गेली. स्वतः घासाघीस करून, आणि प्रत्येकाच्या कानाला तीच चीर देऊन. लोकांना वाटायचं हौस आहे. हौस नव्हती. या घरात दसऱ्यानंतर खांड चाऱ्याला कुठल्या वाटेनं न्यायचं हे ठरतं तेव्हा ज्याची मेंढरं तोच बोलतो. रीतच तशी. ज्याचं खांडात काही नाही त्यानं पाणी आणून द्यायचं आणि ऐकायचं. सुलानं कित्येक वर्षं पाणी आणून दिलं होतं. चारांत कुणी दाद देत नाही हे तिला ठाऊक होतं. दहा झाली की द्यावीच लागते.

"आक्का," पल्लवी म्हणाली, "तुमच्याकडं मेंढरं तरी हायत."

"चार," सुला म्हणाली. "चारांवर गप बसू व्हय मी?"

पल्लवीनं मान खाली घातली. रंगुबाईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि कुणाकडंच न बघता म्हणाली, "न्हाई. गप बसायचं न्हाई. तिघींतलं कुनीच बसायचं न्हाई. बाप्यांना बसू द्या जरा."

बाप्यांना बसायचं नव्हतं. तानाजीला युक्ती सुचली होती, आणि तानाजीला युक्ती सुचली की आख्खी वस्ती सावध व्हायची. रेश्मा जाताना म्हणाली होती की जे खरोखर वेगळं राहतात, वेगळं शिजवतात, त्यांची शिधापत्रिका वेगळी करता येते, आणि मग ते घर वेगळं. तानाजीनं एवढंच कानात धरलं.

"तीन चुली मांडायच्या," त्यानं आटपाडीच्या दोन मेहुण्यांना हाताशी धरलं. "एक पडवीत, एक गोठ्याकडं, एक हाय ती. रेश्मा आली की तीन ठिकानी धूर. झालं. तीन घरं."

गारा कालवला, दगड लावले, लिंपण केलं आणि ओल्या लिंपणातच जाळ घातला. जगात दुसऱ्या कुणी केलं नसतं ते यांनी केलं, कारण धनगराच्या पोरांनी आयुष्यभर उघड्यावर दगड मांडून चूल पेटवलेली. लिंपलेली चूल वाळवावी लागते हे त्यांच्या बायकांचं खातं. पडवीतून आणि गोठ्याकडून असा धूर निघाला की कातरणारे गडी डोळे पुसत उठले. एक अर्धवट कातरलेलं मेंढरू दावं तोडून पळालं, अर्ध्या अंगाला लोकर, अर्ध्याला नाही, आणि त्याच्यामागं लालासाहेब.

"तान्या," तो खोकत ओरडला, "मदत मागतोयस का वस्ती पेटल्याली दाखवतोयस?"

सगळे हसत होते. धुळा हसत नव्हता. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण कातर हातात असली की बोटं अजून पंचविशीतली. त्यानं कातर खाली ठेवली, पडवीत गेला आणि नव्या चुलीतली लाकडं पायानं बाहेर ओढली.

"चुलीपुढं खोटं बोलायचं न्हाई," तो म्हणाला. "माझ्या भावानं खरी चूल येगळी केली तवा मी दोन दिस जेवलो न्हाई. आन तुमी खोटी मांडताय."

"आबा, निस्तं दाखवायला."

"दाखवायलाबी न्हाई. आन सरकारचं काय चुकलं त्यात? घर एक, तर मदत एका घराची. माझ्या घरात तिघींना द्यायचं, आन त्या बयाबाईच्या खोपटात म्हातारी एकटी, तिला एकटीचं. तिघींचं घर तगडं, का तिचं? वाटायचं म्हटलं तर कुटंतरी रेघ मारावीच लागंल."

धुळाचं म्हणणं वेडं नव्हतं, हे सगळ्यांना कळत होतं. लालासाहेबानं मान डोलावली. मेहुण्यांनीही डोलावली. तानाजी गाऱ्याचे हात पुसत बापाच्या बाजूला सरकायला लागला.

तेव्हा सुला मसाल्याच्या हातानंच पुढं आली. सासऱ्यापुढं ती एरवी जेमतेम चार शब्द बोलायची.

"मामा, एक इचारू का?"

"इचार की."

"हे खांड एकच हाय न्हवं? रातच्याला कोंडायची वाघूर एक, राखण एक, कुत्री एक."

"व्हय."

"मग सकाळधरनं एकेक मेंढरू वढताना कान कशाला बघताय? ही कुनाची, ती कुनाची? एक खांड म्हनून सगळी लोकर एका पोत्यात भरा की. आत्तींची, तुमची, माझी, तुमच्या बहिनीची."

कुणीतरी फसकन हसलं.

"बयाबाईला जास्त द्या मामा. दुप्पट द्या. मी न्हाई म्हनत न्हाई. पर आमी तिघी एका चुलीवर हाय म्हनून एकीचं काढायचं? तिघी भांडून तीन ठिकानी गेलो असतो तर तिघींना मिळालं असतं. एकत्र ऱ्हायलो, म्हातारी मानसं संबाळली, त्याचा दंड व्हय ह्यो? मोडल्यालं घर सरकारला चालतंय, आन चाललेलं घर न्हाई चालत?"

लालासाहेबाची मान आता दुसऱ्या बाजूला डोलायला लागली. "सून बोलती ते खरं हाय, धुळा."

"आत्ताच माझं खरं हुतं की तुला."

"तवाबी खरं हुतं," लालासाहेब म्हणाला. "मी काय सरकार हाय का एकाच बाजूला बसायला?"

धुळा परत जागेवर जाऊन बसला. पुढचं मेंढरू ओढलं. सवयीनं त्याचा हात कानाकडं गेला आणि तिथंच थांबला. डाव्या कानाला खालून चीर. त्यानं मेंढराकडं बघितलं, सुलाकडं बघितलं नाही. त्यानं कातरायला सुरुवात केली ती इतकी सावकाश की शेजारच्या मेहुण्याची दोन झाली.

खोटं बोलणार नाही, हे ठरलेलं होतं. सुला चुकली नाही, हेही त्याला दिसत होतं. या दोहोंच्या मध्ये माणसाला उभं राहता येत नाही. कुठंतरी चालू लागावं लागतं, आणि चालायचं म्हटलं की धुळाला आयुष्यात एकच गोष्ट येत होती.

मेंढरू मोकळं सोडून तो उठला आणि घराच्या दिशेनं हाक मारली. "रंगू."

कातऱ्या थांबल्या. इतक्या वर्षांत चारचौघांत त्यानं बायकोला नावानं हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती.

रंगुबाई पिठाच्या हातानं दारात आली. "काय वो? बरं वाटंना का?"

"माळ्यावरचं पाल काढ. आपुन दोघं येगळं निघायचं."

"कुटं?"

"तळाकडच्या रानात. बांधाच्या पलीकडं."

तानाजी मध्ये पडला. "आबा, काय बोलताय? मानसं काय म्हनतील, पोरानं बापाला भाईर काढलं?"

"मी भाईर निघतोय. तू काढत न्हाईस. खोटी चूल चालत न्हाई, मग खरी मांडतो. आख्खं आयुष्य पालात गेलं, आता हाडं काय झिजल्यात व्हय?"

रंगुबाई दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते कुणालाच कळेना. मग ती म्हणाली, "मी सैपाक करनार न्हाई."

"काय?"

"येगळं निघायचं तर माझी अट हाय. आजवर ह्या घराच्या भाकरी थापल्या. तिकडं मी बसनार. सैपाक तुमी करायचा."

"करतो की. वाटंला असताना कोन करत हुतं?"

"आन बाजाराला मी जानार. बनुबाईसंगं. कवा आली ते इचारायचं न्हाई."

"जा."

"आन ह्या घरातल्या कुनी रोज येऊन आत्ती मीठ कुटं, आत्ती डाळ किती, असं इचारायचं न्हाई." हे ती सुनांकडं बघून म्हणाली, पण तिच्याच्यानं पुढं बोलवेना. ओठ दाबूनही हसू बाहेर आलं, आणि ते एकदा आल्यावर तिनं तोंडाला पदर लावून भिंतीचा आधार घेतला. नवऱ्यासोबत दोघांचीच चूल तिला आख्ख्या संसारात कधी मिळाली नव्हती. लग्न होऊन आली ती सासू, दीर, नणंदा असलेल्या मेंढरांच्या वाड्यावर, आणि नंतर पोरं, आणि नंतर सुना. आता या वयात नवरीसारखं वेगळं बिऱ्हाड.

कातरायचं काम तसंच टाकून गडी उठले. पाल तळाकडं गेलं, मेखा ठोकल्या, घोंगडी गेली, एक पातेलं, दोन ताटं, पाण्याची घागर. आटपाडीच्या मेहुण्यांनी उगाच एक झेंडूची माळ पालाच्या दोरीला बांधली. लालासाहेबानं तर रंगुबाईला उखाणा घ्यायला लावायचा आग्रह धरला, आणि तिनं त्याला जो शब्द हासडला तो इथं लिहिण्याजोगा नाही. धुळानं तीन दगड बघून बघून उचलले, मांडले, हलवून बघितले आणि स्वतः फुंकर घालून जाळ केला. धूर झाला नाही.

तानाजी लांब उभा राहून बघत होता. सुला त्याच्याजवळ गेली.

"रागावलाय का?"

"न्हाई गं. घर मोठं वाटतंय एकदम."

"पाल ठोकलंय बांधाच्या पलीकडं. शिट्टी मारली तर ऐकू जातीय."

"व्हय, पर आता दारात वरडनार कोन?"

"मी वरडते," सुला म्हणाली.

रेश्मा आली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. वरच्या वस्त्यांवर तिला दोन ठिकाणी शिव्या आणि एका ठिकाणी रडं मिळालं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. धुळानं तिला थेट बांधापलीकडं नेलं.

"हे माझं घर. ह्यात मी आन ही. ते त्यांचं. तिकडं सुला आन पल्लवी."

"आबा, खरंच? का आजच्या दिसापुरतं?"

"चुलीला हात लाव."

"मी परत येनार हाय तपासायला. मला लिहावं लागतंय सगळं."

"ये. रोज ये. जेवायलाच येत जा. सैपाक मीच करतोय, त्यामुळं मीठ कमीजास्त हुईल."

रेश्मा पालात डोकावली. घोंगडीवर रंगुबाई पाय पसरून बसली होती आणि पान लावत होती, एखाद्या बागायतदाराच्या बायकोसारखी. रेश्मानं मोबाईलवर काहीतरी टिपलं, खिशात ठेवला आणि आज पहिल्यांदा कुणाच्या तरी डोळ्यांत बघून म्हणाली, "एकबी नाव निघत न्हाई आबा. पत्रिका येगळी करायचा अर्ज तेवढा उद्या द्या."

मग तीही बसली जेवायला.

आता सगळ्यांनी जेवायचं घराकडच्या अंगणात, असं ठरलं होतं. मटण तिकडंच शिजलं होतं. पण पहिल्यांदा लालासाहेब ताट घेऊन बांधापलीकडं आला, धुळाची चूल कशी रांधते ते बघायला. मग मेहुणे आले. मग पल्लवी रश्श्याचं पातेलंच उचलून घेऊन आली, कारण इथून तिथं वाढायला जाऊन तिचे पाय दुखले. थोड्या वेळानं घराकडच्या अंगणात फक्त कुत्री होती. धुळानं स्वतः केलेला भात तळाला लागला होता आणि सगळ्यांनी तो मागून घेतला.

पोटं भरली तसा विषय निघाला, कातरणी झाली की निघतोच. यंदा खांड कुणीकडं. लालासाहेबाची मेंढरं वाईकडं निघणार होती. मेहुण्यांचं शिराळ्याचं चाललं होतं.

"आपली कडेगावाकडं," धुळा हात धूत म्हणाला. "ऊस तुटला की पाचटावर बसवायची."

"न्हाई," सुला म्हणाली.

ती पातेल्यापाशी बसली होती, डाव हातात. तानाजीनं चमकून बघितलं.

"उसाच्या रानात आता तणनाशक मारतात. पल्लवीच्या चुलत्याची सात मेंढरं गेली गेल्या साली. कडेगावाकडं न्यायची न्हाईत. माणदेशातनं वर खंडाळ्याकडं न्यायची. लांब पडंल, पर रान सोच्छ हाय."

"चुलत्याची गेली ते खरं हाय," पल्लवी म्हणाली. माहेर कडेगावाकडचं असून तिनं जावेची बाजू धरली.

धुळाच्या कपाळाला आठी आली. इतकी वर्षं खांडाची वाट त्यानं ठरवली होती, कुणाला विचारून नाही. "चार मेंढरं झाली न्हाईत तवर बोलाय लागलीस. माझ्या खांडाची वाट तू सांगनार?"

सुला घाबरली नाही असं नाही. घाबरली. डाव घट्ट धरला. मग म्हणाली, "तुमची मेंढरं तुमी न्या मामा कुटं न्यायची ती. तुमचं घर येगळं हाय आता. आमच्या घरच्या मेंढरांचं आमी ठरवतो."

पालाच्या आतून रंगुबाईचं हसू फुटलं, असं खळाळून की लालासाहेबाच्या हातातली भाकरी खाली पडली. त्याच्यामागून मेहुणे, रेश्मा, पल्लवी, आणि बापाकडं चोरून बघत तानाजीसुद्धा.

धुळा एकटाच ताठ बसून होता. त्यानं एकेकाकडं बघितलं. मिशी थरथरत होती, रागानं का कशानं, सांगता येत नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "घर येगळं हाय न्हवं? मग माझ्या चुलीवर जेवताय कशाला? ठेवा ताटं खाली. सगळ्यांनी."

कुणीही ताट खाली ठेवलं नाही. सुलानं तर आपलं ताट पुढं केलं.

"करपल्याला भात हाय का अजून मामा?"

धुळानं तिचं ताट पुढ्यात ओढून घेतलं. मग पातेलं वाकडं करून तळातली खरवड उलथण्यानं खरडायला घेतली.

"खंडाळ्याकडं पानी हाय का पर वाटंला?" त्यानं वाढता वाढता विचारलं.